हलवू नये

मित्रांनो, मी एक जुना हद्दीचा दगड आहे. शिरूर कासारच्या पुढे माळावर एक लहान धावपट्टी आहे. तिच्या पूर्वेच्या टोकापासून दोनशे पावलांवर मी उभा आहे. माझी गोष्ट गोड नाही. मला माणसांची किळस आली आहे, आणि ती लपवून तुम्हाला काही सांगणं मला जमणार नाही.

मुंजाजी पाथरवटाने मला काळ्या कातळातून काढलं. त्याने माझी वरची अर्धी बाजू छिन्नीने नीट घडवली आणि खालची तशीच ओबडधोबड ठेवली. "जमिनीत जाणाऱ्या अंगाला रूप कशाला पायजे," असं तो म्हणायचा. हात भाकरीसारखे खरबरीत होते त्याचे. मला मिळालेला पहिला प्रामाणिक स्पर्श तोच.

माझी पहिली नोकरी शेताच्या बांधावर होती. उत्तरेला विजयसिंहाच्या आजोबांची जमीन, दक्षिणेला धोंडीरामच्या वडिलांची. दर पेरणीला मी चार बोटं दक्षिणेला सरकायचो. दगड आपण होऊन सरकत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. धोंडीरामचे वडील मला पुन्हा जागेवर आणायचे, घाम पुसायचे आणि कुणाला काही न बोलता घरी जायचे. मी मात्र सगळं पाहायचो. ज्याचं शेत मोठं, त्यालाच चार बोटं कमी पडतात, हे मी तिथे शिकलो.

पुढे माळावर धावपट्टी आली. मोजणीवाल्यांना मी जड आणि सरळ वाटलो. त्यांनी मला इथे आणून कमरेपर्यंत पुरलं, डोक्यावर पितळेचा ठिपका बसवला आणि छातीवर दोन शब्द कोरले : हलवू नये.

म्हणजे मला अक्षर उतारवयात भेटलं. लहानपणी शिकणाऱ्याला ते खेळता खेळता येतं. उशिरा शिकणाऱ्याला एकेक अक्षर घाव सोसून घ्यावं लागतं, म्हणून ते बुजत नाही.

त्या अक्षरांचा मान किती राहिला ते ऐका. कॉलेजात जाणारी मुलं मोटारसायकल लावून माझ्यावर बसत आणि गुटखा थुंकत. एक पिचकारी 'हलवू'वर, दुसरी 'नये'वर. कुणी निवडणुकीचं चिन्ह रंगवलं, कुणी सीताफळाच्या रोपांची जाहिरात. माझ्यावर काय लिहिलं आहे ते वाचायला कुणी थांबलं नाही.

थांबली ती छबुबाई. धोंडीरामची बायको. धोंडीराम वारला तेव्हापासून ती एकटी आहे. माझ्या दक्षिणेला तिचा जमिनीचा तुकडा आहे आणि त्यात एक मोठी चिंच आहे. ती चिंच धरायला लागली, तेव्हा छबुबाईचं ऊसतोडीला जाणं थांबलं. म्हणून ती त्या झाडाला 'माझा मुकादम' म्हणते, पण हा मुकादम शिव्या देत नाही, असंही लगेच सांगते.

साठीला आल्यावर छबुबाई शाळेतल्या प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागली. शेळ्या चारायला आली की माझ्यासमोर बसायची आणि कोरलेल्या खाचेतून बोट फिरवायची. "ह... ल... हलवू. न... नये." मग स्वतःशीच हसायची. "हलवू नये. न्हाई हलवत बाबा." माझ्या उभ्या आयुष्यात मला मिळालेलं कौतुक एवढंच.

गेल्या श्रावणात तिची जाऊ बायनाबाई चुलीवर भाजली. तिला मोठ्या दवाखान्यात न्यायला लहान विमान मागवलं होतं. ढग इतके खाली आले होते की माळाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. विमान आलं. आवाज सगळ्यांनी ऐकला. ढगावर दोन फेऱ्या झाल्या आणि ते परत गेलं. बायनाबाईला जीपमध्ये घातलं, पण ती वाटेतच गेली. छबुबाई चिंचेखाली उभी राहून आवाज गेला त्या दिशेला बघत होती.

त्यानंतर शाईस्ता आली. विमानाच्या वाटा मोजणारी, बीडचीच पोरगी. छबुबाईने तिला सावलीत बसवून पाणी दिलं आणि विचारलं, "आता काय मोजायचं राहिलं गं?"

"आभाळ मोजायचंय, मावशी."

"आभाळाची बी मोजनी असती?"

शाईस्ता हसली. "ढगात शिरल्यावर वैमानिकाची आंधळी कोशिंबीर होते. डोळ्यांना काही दिसत नाही. समोरच्या काट्यांवर भरवसा ठेवून उतरायचं. म्हणून त्याच्या वाटेपुरतं आभाळ राखून ठेवतात. त्यात दुसऱ्या विमानानं विचारल्याशिवाय शिरायचं नाही, आणि खाली जमिनीवरही फार उंच काही ठेवायचं नाही. आपल्याकडं राखलेलं आभाळ लहान होतं. आता ढगातून उतरणारं विमान पूर्वेकडून येणार, म्हणून त्याची हद्द तिकडं वाढवतोय. घराला पडवी काढावी तशी."

"आभाळाला पडवी! अन् खांब कुठं रवलेत तिचे?"

"खांब नाहीत. हा दगड आहे ना, ह्याच्यापासून मोजायचं."

छबुबाईने माझ्याकडे पाहिलं, मग चिंचेकडे. "माझं झाड येतंय का त्यात?"

"कागदावर तरी बाहेर दिसतंय. मोजून सांगते."

"आड येत असंल तर तोडा. बायनासारखी आनखी कुनाची गत नको. पन लेकी, खरं मोजा."

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

माझ्या उत्तरेला विजयसिंहाचं नवं मंगल कार्यालय आहे. त्याच्या दारात त्याने एक मनोरा उभारला आहे. त्यात कुणी राहत नाही आणि त्याचा काही उपयोगही नाही. वर वडिलांचं नाव दिव्यांत लिहिलेलं आहे, एवढंच. तो मनोरा आभाळाच्या नव्या हद्दीत येत होता, म्हणजे उतरवावा लागणार होता.

पाटोद्याच्या बाजाराचा दिवस होता. सगळं गाव बाजाराला गेलेलं. भर दुपारी विजयसिंहाचा माणूस बजरंग जेसीबी घेऊन माझ्यापाशी आला. जेसीबीवर पाटोद्याचा युसूफ होता.

"उचल बे," बजरंग म्हणाला.

युसूफ खाली उतरला आणि त्याने माझी अक्षरं पाहिली. "बजरंगभाऊ, ह्यो सरकारी दगड हाय. कावून हलवायचा?"

"चाळीस पावलं दक्षिणेला न्यायचाय. दगड सरकला की आभाळ सरकतंय."

"आभाळ सरकतंय? कोन सांगितलं?"

"विजयसिंहदादांनी सांगितलं. आज्यापासूनचा अनुभव हाय त्यांच्या घरात. तू लई शिकलेला हायेस का बे? उचल."

युसूफने मला उचललं. मान खाली घालून उचललं, पण उचललं. मला त्याचीही किळस आली. चाळीस पावलांवर मला पुरून त्यांनी जुना खड्डा बुजवला आणि वर काटेरी झुडपं टाकली.

मग बजरंगने पिशवीतून शेंदूर काढला. तेलात कालवून त्याने तो माझ्या अंगावर जाड थापला. पितळी ठिपका झाकला, दोन्ही शब्द झाकले. पुढे नारळ फोडला. "आता कुनाच्या बापाची टाप न्हाई ह्याला हलवायची," तो म्हणाला. संध्याकाळी बाजारातून परतलेल्या गावाला कळलं की माळावर म्हसोबा प्रकटला. लोक उदबत्त्या घेऊन आले. जी पोरं माझ्यावर थुंकली होती, ती आता माझ्या पाया पडत होती. थुंकी मी सोसली होती. ही पूजा मला सोसवेना.

आठ दिवसांनी मोजणीच्या ठेकेदाराची माणसं फीत घेऊन आली. पितळी ठिपका शोधायला त्यांनी शेंदूर थोडा बाजूला केला, मला नमस्कार केला आणि फीत लावली. मान वर करून धावपट्टी कुठे आहे हे बघायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत. मनोरा हद्दीबाहेर भरला. चिंच हद्दीत आली. जाताना त्यांनी तिच्या बुंध्यावर चुन्याची फुली मारली.

दुसऱ्या दिवशी छबुबाई माझ्यापुढे आली. तिने मला ओळखलं नाही. उदबत्ती लावून ती म्हणाली, "देवा, त्यांनी मोजलंय म्हंजे खरंच असंल. तोडतील. पन औंदाचा बहार तरी उतरू दे."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो.

उठताना तोल सावरायला तिने माझ्या छातीवर हात टेकला. शेंदराखाली तिच्या बोटाला खाच लागली. बोट थांबलं. मग ते आपोआप खाचेतून फिरू लागलं. ह. ल. तिने हात काढून घेतला, बोटाकडे पाहिलं, आणि उदबत्ती तशीच जळत ठेवून ती निघून गेली.

शाईस्ता शेवटच्या मोजणीला आली, त्या दिवशी माळावर गर्दी होती. विजयसिंह पांढऱ्या गाडीतून उतरला. छबुबाई सरळ माझ्यापाशी आली आणि कमरेचं खुरपं काढून शेंदूर खरवडू लागली.

"ए म्हातारे!" बजरंग ओरडला. "देवाला खुरपं लावतीस? कोप हुईल!"

"देवाला न्हाई बाबा. तुझ्या रंगाला लावलंय."

विजयसिंहाने हात जोडले. "छबुकाकू, गावाच्या श्रद्धेचा प्रश्न हाय. उगं काही बोलू नका."

"बोलत न्हाई, मालक. वाचते." तिने बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "ह, ल, वू. हलवू. नये." मग गर्दीकडे वळून म्हणाली, "म्हसोबानं अंगावर असं कावून लिवून घेतलं असंल?"

कुणीतरी हसलं. मागून युसूफ पुढे आला. त्याने बजरंगकडे पाहिलं नाही. "जुना खड्डा तिकडं हाय, मॅडम. काट्यांखाली. मीच बुजवलता." त्याच्याविषयीची माझी किळस थोडी कमी झाली. थोडीच.

शाईस्ताने आपलं यंत्र खड्ड्याच्या जागी उभं केलं. ते वरच्या उपग्रहांना विचारून जागा सांगतं. विजयसिंहाचा आजोबा जिवंत असता तरी त्याला ते चार बोटं सरकवता आलं नसतं. खरी मोजणी झाली. मनोरा पुरता हद्दीच्या आत होता. चिंच बाहेर होती, पण अगदी पूर्ण नव्हती. तिचा शेंडा दोन हात आत येत होता. हे सांगताना शाईस्ताचा आवाज खाली गेला.

"खरं हाय ना?" छबुबाईने विचारलं.

"खरं आहे, मावशी."

"मग तोडा."

त्याच दिवशी शेंडा उतरवला. बुंध्यावरची फुली छबुबाईने पदराने पुसली. मला उचलून जुन्या खड्ड्यात बसवलं.

मनोऱ्याला नोटीस चिकटवली. ती पावसाने गळून पडली. दुसरी चिकटवली, तिच्यावर लग्नाचा फलक लागला. विजयसिंह म्हणतो, वर बोलणं चालू आहे. मनोरा उतरेपर्यंत आभाळाची पडवी कागदावरच राहणार, आणि ढगातून कुणालाही उतरता येणार नाही.

यंदाच्या श्रावणात पुन्हा ढग खाली आले आणि पुन्हा विमानाचा आवाज आला. कुणासाठी आलं होतं, मला माहीत नाही. छबुबाई शेंडा नसलेल्या चिंचेखालून बाहेर आली. एक फेरी झाली. दुसरी झाली. आवाज दूर गेला. ढगात मनोरा दिसत नव्हता, फक्त त्याच्यावरचे दिवे अंधुक चमकत होते. छबुबाईला मी कधी थुंकताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती त्या दिव्यांच्या दिशेने थुंकली आणि तोंड पुसून शेळ्या हाकत घरी गेली.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. मी दगड आहे, मला ऊनपाऊस चालतो. मला शेंदूर लावू नका आणि माझ्यावर थुंकूही नका. माझ्यावर दोनच शब्द आहेत. ते वाचायला छबुबाईला साठ वर्षं थांबावं लागलं. तुम्हाला ते आत्ताच येतात.