मार्लिसच्या गाडीचं खालचं अंग

मार्लिसची गाडी टो होऊन माझ्या गॅरेजच्या दारात आली तेव्हा मला आनंद झाला, हे आधीच सांगून टाकतो. गाडी बंद पडली म्हणून नव्हे. लेलंडच्या हातात बंद पडली म्हणून.

मार्लिस सतरा वर्षं माझी बायको होती. चार वर्षांपूर्वी ती निघून गेली आणि पुढे तिनं ह्या लेलंडशी लग्न केलं. हा शाळेत पोरांना बँड शिकवतो. ट्रम्पेट फुंकणाऱ्या माणसाला पाना कुठल्या टोकाला धरतात तेही ठाऊक नसणार, अशी माझी खात्री होती. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. गाडी मीच मार्लिसला घेऊन दिलेली, कुणीतरी वापरून विकलेली. जाताना तिनं मला सोडलं, गाडी नाही सोडली.

"चालता चालता एकदम गप्पच झाली," लेलंड म्हणाला. "मार्लिस म्हणाली, व्हर्नकडेच ने."

"का? गावातले बाकीचे मेकॅनिक मेले?"

"ती म्हणते, व्हर्न ओरडेल, टोमणे मारेल, पण गाडीबद्दल खोटं बोलायचा नाही. दुरुस्त करण्यात अर्थ आहे का, तेवढं सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू."

तिच्या मनात माझ्याबद्दल अजून काहीतरी चांगलं शिल्लक आहे हे ऐकून बरं वाटलं. ते ह्याच्या तोंडून ऐकावं लागलं म्हणून तितकंच पोटात दुखलं.

तो गेल्यावर मी बॉनेट उघडलं. टायमिंग बेल्ट तुटला होता. काही इंजिनं बेल्ट तुटला की आतून मोडतात, हे त्यातलं नव्हतं. दुपारभराचं काम, सातशे डॉलर. गाडी अजून पाच वर्षं सहज पळाली असती.

बॅटरी बघायला आत बसलो तर सीट पार मागे सरकवलेली. लेलंड ताडमाड आहे. मधल्या खाचेत दोन कॉफीचे मग, एकात एक घातलेले. त्या मगांकडे बघत मी बराच वेळ बसलो आणि माझं डोकं फिरलं.

आमच्याकडे, लेक सुपीरियरच्या काठाला, गाडी इंजिनानं मरत नाही, मिठानं मरते. सहा महिने रस्त्यावर बर्फ, तो वितळायला त्यावर मीठ, आणि ते मीठ खालून पत्रा खातं. म्हणून ऑक्टोबरात आम्ही गाडीखाली झोपून साखळीकरवतीचं चिकट तेल फवारतो. मग ती तशीच ओली गाडी कच्च्या रस्त्यावर पळवतो, म्हणजे धूळ बसून वर जाड थर धरतो. मार्लिसची गाडी दरवर्षी मीच करायचो. नंतर खडीच्या खाणीपर्यंत आम्ही दोघं चक्कर मारायचो, ती मांडीवर डोनटची पिशवी घेऊन शेजारी. आमच्या संसारात दोघांनी मिळून करायच्या गोष्टी फार नव्हत्या. ही एक होती.

ती मला सोडून गेल्यावर हे कोण करणार? चार हिवाळे. खालचं सगळं सडलं असणार. मला ते सडलेलं हवंच होतं, म्हणून मी गाडी लिफ्टवर घेतलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेलंड आला.

"बेल्ट तुटलाय, तो बसेल," मी म्हणालो. "पण खाली चेसिस खलास आहे. सडलीय. असल्या गाडीवर पैसे घालू नकोस, भंगारात दे."

आमच्या भागात ह्यावर कुणी उलट विचारत नाही. गंज म्हटलं की लोक मान हलवतात आणि नंबरप्लेट काढून घेऊन गाडी भंगारात देतात. लेलंडचा चेहरा उतरला.

"मग माझंच चुकलं," तो म्हणाला. "पहिली दोन वर्षं तिनं तेल मारलं, नंतरची दोन्ही वर्षं मीच. मार्लिसनं शिकवलं तसंच केलं, पण काहीतरी राहिलं असणार. तिला फार वाईट वाटेल. कुठे राहिलं ते दाखवता? पुढच्या गाडीला तरी नीट करीन."

तो वाद घालत नव्हता. माझ्यावर शंका घेत नव्हता. शंका घेतली असती तर मी भांडलो असतो, ते मला जमतं. आता लिफ्टचं बटण दाबण्यावाचून काही उरलं नाही.

गाडी वर गेली. खालून सगळी काळी, धुळीचा थर कसा लिंपल्यासारखा. लेलंड टॉर्च घेऊन वाकून खाली शिरला. दारांखालच्या पट्ट्यांतली रबरी बुचं काढून आतसुद्धा तेल मारलेलं दिसलं. ती बुचं काढायचा मी दरवर्षी कंटाळा केला होता.

"कुठे?" त्यानं विचारलं.

मी स्क्रू-ड्रायव्हरनं एक ठिकाणी टोचलं. टणक. दुसऱ्या ठिकाणी टोचलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. एवढं काम ह्यानं केलं, ती शेजारी उभी राहून सांगत असणार, आणि नंतर दोघं खाणीपर्यंत गेले असणार. मला त्याचा भयंकर मत्सर वाटला.

"कुठेच नाही," मी म्हणालो. "मी काल खाली बघितलंच नव्हतं."

लेलंडनं टॉर्च बंद केला.

"ती फोनची वाट बघतेय," तो तिचा नंबर लावत म्हणाला. "गाडी दुरुस्त करण्यासारखी आहे, एवढंच सांगतो. बाकीचं सांगायची गरज नाही."

तो मला वाचवत होता. त्याचं ते चांगुलपण मला सगळ्यात जास्त झोंबलं. मी त्याच्या हातातून फोन घेतला.

"मार्लिस, व्हर्न बोलतोय. गाडी होईल. लेलंडला मी सडलीय म्हणून सांगितलं होतं, न बघता. खोटं होतं ते."

तेवढ्यावर मी थांबलो नाही.

"खालचं काम त्यानं केलंय," मी म्हणालो. "माझ्यापेक्षा चांगलं केलंय."

"ते मला माहीत आहे रे," ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत होईल का? वीकेंडला आम्हाला त्याच्या आईकडे जायचंय."

होईल म्हणालो, आणि फोन लेलंडला परत दिला.