मूळ प्रतीबरहुकूम जीप

ज्या माणसाला सायकलवरून उतरायला खांब शोधावा लागतो, त्याने घरच्या शेडमध्ये जीप दुरुस्त करायला घेतली म्हटल्यावर गल्लीत हसू फुटलं नसतं तरच नवल. त्यातून हा गृहस्थ मुद्रितशोधक. उभा जन्म छापखान्याच्या एका कोपऱ्यात, लाल पेनाने दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारण्यात गेलेला. पाना आणि पक्कड यांतला फरक त्याला निवृत्तीनंतर समजला, तोही बोट चेंगरल्यावर.

जीप त्याची नव्हतीच. ती त्याच्या बायकोची. बायको जनावरांची डॉक्टर. लिलावातली ही थोराड गाडी घेऊन ती डोंगरातल्या वस्त्यांवर हिंडायची, चिखलातून, ओढ्यातून, रस्ता असो नसो. अडलेल्या गाई सोडवायची आणि गाईच्या मालकांना फैलावर घ्यायची. ती निवृत्त झाली त्याच सुमारास जीपनेही मान टाकली आणि घरामागे ताडपत्रीखाली जाऊन बसली. मग बाईंचा गुडघा बदलावा लागला. गुडघा झकास बसला. आता खुशाल गाडी चालवा, असं डॉक्टर स्वतःहून म्हणाले. पण ती जी खिडकीतल्या खुर्चीत बसली, ती बसलीच.

"झालं माझं फिरून," एवढंच म्हणाली.

भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण आमटीत मीठ नसलं तरी "असू दे", पाहुणे येणार म्हटलं तरी "येऊ दे". जिच्या आवाजाने बैल दोन पावलं मागे सरायचा, ती बाई दिवसभरात चार शब्द बोलेना, तेव्हा मात्र त्याला भीती वाटायला लागली. गाडी सुरू झाली तर ही उठेल, असं त्याने डोक्यात घेतलं. दुसरा काही उपाय त्याला सुचत नव्हता. त्याला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे ती उठली नाही, तर एवढा सगळा खटाटोप पाण्यात.

त्याने काम सुरू केलं ते आपल्या पद्धतीने. आधी कंपनीचं जुनं माहितीपुस्तक मिळवलं. ही मूळ प्रत. समोर उभी आहे ती चुकांनी भरलेली छपाई. पुस्तकातलं चित्र एका हातात, लाल खडू दुसऱ्या हातात. पुस्तकात नाही ते गाडीत दिसलं की त्याभोवती गोल. बघता बघता सगळ्या गाडीला गोवर आल्यासारखं झालं.

इंजिनाचं काम कोपऱ्यावरच्या वेल्डरने आणि त्याच्या एका मित्राने केलं. गंज खरवडणं, प्रायमर, रंग, एकेक बोल्ट रॉकेलमध्ये बुडवून घासणं, हे सगळं मात्र याने एकट्याने केलं, आणि खरं सांगायचं तर फार सुरेख केलं. बायकोला ताकीद होती, पूर्ण झाल्याशिवाय बघायचं नाही. तिने बघू का म्हणून विचारलंही नाही.

एकदा वेल्डर सीटखालच्या पत्र्यावर वाकून म्हणाला, "काका, इथे ही नसती भोकं कोणी पाडलीत?"

"असेल लिलावाआधीचा कोणीतरी अडाणी! आणि क्लचवर बघ, लाकडाचा ठोकळा तारेने आवळलाय. डॅशबोर्डला हा भलामोठा लोखंडी आकडा. गाडी आहे की खुंटाळं?"

"मग काय करू?"

"भोकं भरून टाक. आकडा काप. मूळ प्रतीत नाही."

ठोकळा त्याने स्वतःच्या हाताने पाणी तापवायच्या बंबात घातला. त्या अडाण्याच्या नावाने दोघांनी मनसोक्त तोंडसुख घेतलं. शेड तिच्या खिडकीच्या अगदी खाली होती.

गाडी झाली. हिरवीगार, पुस्तकातून उचलून आणल्यासारखी. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि बायकोला हाताला धरून खाली आणलं. तिने बॉनेटवरून हात फिरवला, चाकाला पायाने ठोकरलं. तिची हनुवटी जराशी वर आली, ते त्याने बघितलं. दांडा धरून ती चढली आणि बसली.

डावा पाय क्लचकडे गेला आणि तिथवर पोचलाच नाही. ती सीटच्या कडेवर सरकली, तेव्हा कुठे चवडा टेकला, पण पाठ अधांतरी. हात सवयीने डॅशबोर्डकडे गेला, जिथे तिची औषधांची पिशवी लटकायची. तिथे गुळगुळीत हिरवा पत्रा होता. मग तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"छान झालीय," ती म्हणाली आणि सावकाश खाली उतरली. "पण ही माझी गाडी नव्हे हो." आणि वर खुर्चीत जाऊन बसली.

त्याचा चेहरा पडला. आधी राग आला. एवढी हाडाची काडं केली आणि हे कौतुक! रागारागाने तो स्वतःच चढून स्टीअरिंगमागे बसला. आजवर तिथे तो कधी बसला नव्हता. पाय पुढे केले तर ते बरोबर पेडलवर गेले. पाठ टेकली, कोपर आरामात वाकलं. कंपनीने गाडी त्याच्याच मापाची केली होती, ज्याला ती चालवता येत नव्हती त्याच्या. आणि त्याची बायको उभी राहिली तर त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती.

त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. मग जिना चढून तो खुर्चीपाशी गेला.

"तो अडाणी कोण, ते कळलं मला."

"मीच ती," ती म्हणाली. "गाडी आणली त्याच आठवड्यात सीट पुढे घ्यायला पाडली होती भोकं. तुम्ही छापखान्यात होता."

"अगं, मग आम्ही शेडमध्ये शिव्या घालत होतो, तेव्हा का नाही बोललीस? ऐकू येत होतं ना तुला?"

"तुम्ही इतके खुशीत होता. आणि म्हटलं, मला कुठे आता चालवायचीय."

"चल खाली. कुठे होती भोकं, दाखव."

"तोंडाने कशी दाखवू? बसून बघावं लागेल." मग म्हणाली, "रंग खराब होईल."

"होऊ दे."

"मूळ प्रतीत नाहीत ती."

"मूळ प्रत गेली चुलीत!"

तिने त्याच्याकडे वळून पाहिलं, आणि खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठली.

वेल्डरकडून ड्रिल आलं. सीट मोकळी केली. ती त्यावर बसून सांगायची, आणि हा खाली आडवा पडून सीट सरकवायचा, खडूने खुणा करायचा.

"अजून पुढे. अजून थोडी. अहो, किती! माझे गुडघे काय कपाळाला लावू? मागे घ्या! हां, इथे."

त्याने पट्टी काढली आणि खुणांमधून सरळ रेघ आखायला घेतली.

"रेघा कसल्या मारताय? लग्नपत्रिका छापायचीय का? भोक पाडा!"

त्याने ड्रिल टेकवलं. समोर त्याचाच रंग होता, तीन हात दिलेला, घोटून घोटून चकचकीत केलेला. ड्रिल काही त्याच्याने दाबवेना.

"द्या इकडे," म्हणत ती खाली उतरली, चांगला गुडघा टेकवून बसली आणि ड्रिल दाबलं. हिरव्या रंगाचे कपचे उडाले. त्याने तोंड फिरवलं, पण तिथून हलला नाही. एकामागून एक सगळी भोकं तिनेच पाडली. मग त्याचं बसायचं स्टूल उलटं करून आडवी पट्टी कापली आणि क्लचवर तारेने करकचून आवळली. आकडाही लागला. थोडा वाकडा लागला. याने लाल खडू खिशात टाकला.

इंजिन खोकलं आणि सुरू झालं. तो लगबगीने फाटक उघडायला धावला. तिच्या शेजारी बसून दूरवर एक चक्कर मारायची, हे कधीपासून त्याच्या मनात होतं. जीप बाहेर आली, रस्त्याच्या बाजूला वळली.

"शेड लावून घ्या, नाहीतर मांजर शिरेल," ती ओरडली, आणि धूळ उडवत निघून गेली.

तो शर्टाला लागलेला ग्रीस बघत फाटकात उभा राहिला. आपल्याला साधं चल म्हणून विचारलंही नाही, याचं त्याला चांगलंच वाईट वाटलं. आवाज वळणावर गेला, चढाला लागला, मग ऐकू येईनासा झाला. तो अजून तिथेच उभा होता, तेव्हा वेल्डर ड्रिल न्यायला आला. त्याने शेडमध्ये डोकावून पाहिलं.

"काका, गाडी कुठाय? डॉक्टरबाई कुठे गेल्या?"

"काय माहीत बाबा," तो म्हणाला, आणि समोरच्या घरातही ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाला, "मला सांगून थोडीच जाते ती!"