शरच्चंद्राच्या आईची अंगाई

देवासात तेव्हा सगळं दोन-दोन होतं. राजे दोन, गाद्या दोन, कचेऱ्या दोन, आणि भांडणांचं तर विचारूच नका. पियानो मात्र एकच, आमच्या धाकट्या पातीच्या, म्हणजे धाकट्या गादीच्या, पाहुणेबंगल्यात. त्यावर बँडचे गोवेकर मास्तर आम्हां चौघांना शिकवीत: मी, नीलकंठ, जयसिंगराव आणि शरच्चंद्र. "श्रीपादचा कान तीक्ष्ण आहे," असं मास्तर एकदा माझ्याबद्दल म्हणाले होते. तेवढ्यावर मी वर्षभर मान ताठ करून फिरलो.

मास्तरांची रीत न्यारी होती. प्रत्येकाने स्वतःची चाल बांधायची, पाटीवर लिहायची, वाजवून दाखवायची. मग बाकीच्यांनी दोष काढायचे. बांधणाऱ्याने तोवर चकार शब्द बोलायचा नाही. आणि ज्याने दोष काढला, त्यानेच ओल्या फडक्याने ती जागा पुसायची. सगळ्यांचं एकमत झालं, म्हणजे चाल कागदावर उतरायची.

१९०७ च्या हिवाळ्यात शरच्चंद्राने अंगाई बांधायला घेतली. त्याची आई तीन वर्षांपूर्वी प्लेगात गेली होती. धाकटी विद्युल्लता तेव्हा वर्षाची. तिला अक्का, म्हणजे त्यांची आत्या, धारला घेऊन गेली. पोरीला आईचा चेहरा आठवत नव्हता, मग आवाज कुठून आठवणार? शरच्चंद्राला गाता येत नसे, गळाच नव्हता. "आई जे गायची, ते विद्युल्लतेला एकदा ऐकवायचंय," एवढंच तो आम्हांला म्हणाला होता.

पहिल्यांदा वाजवून झाल्यावर नीलकंठ म्हणाला, "फार रेंगाळते, भिया. ऐकणारा झोपेल की!" आम्ही खदाखदा हसलो. अंगाईला आपण हा दोष लावतोय, हे आम्हां शहाण्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. जयसिंगरावाला शेवट अर्धवट तुटल्यासारखा वाटला. तो नीट समेवर आणायला हवा, असं त्याचं म्हणणं. मग माझी पाळी आली. सात-आठ ठिकाणी शरच्चंद्र काळी आणि पांढरी पट्टी एकदम दाबत होता. मला ते कानात खुपत होतं.

"बोट घसरतंय तुझं," मी म्हटलं. "दोन सुरांच्या मधे लोंबकळू नकोस. सरळ शुद्ध गंधार धर."

शरच्चंद्राने तोंड उघडलं, मास्तरांकडे पाहिलं आणि मिटलं. मी उठलो आणि त्या सगळ्या जागा स्वतःच्या हाताने पुसल्या. ऐटीत पुसल्या.

गुणी मुलगा तो. आम्ही म्हणू तसं बदलत गेला. दर आठवड्याला नव्याने वाजवून दाखवी आणि आम्ही पुन्हा काहीतरी काढीत असू. फाल्गुन लागेपर्यंत चाल इतकी गोड झाली, की मास्तरांनी ती स्वतःच्या अक्षरात उतरवून दिली.

अक्का पोरीला घेऊन धारहून आली. चार वर्षांची विद्युल्लता पियानोला गाल लावून उभी राहिली. शरच्चंद्राने चाल संपवली, तेव्हा तिने विचारलं, "आई अशी गायची?"

त्याने अक्काकडे पाहिलं. अक्का खिडकीबाहेर बघत होती.

"हो," तो म्हणाला.

आम्ही व्हरांड्यात आल्यावर अक्का त्याला हळूच म्हणाली, "गोड आहे रे बाळ. पण वहिनीच्या गळ्यातला तो हेल कुठे गेला? आणि पोर झोपली की ती मध्येच थांबायची, पुढचं कधी म्हणायचीच नाही."

मला तेव्हा कळलं. तो हेल दोन पट्ट्यांच्या मधला होता. पियानोत तसा सूरच नाही, म्हणून बिचारा दोन्ही पट्ट्या एकदम दाबत होता.

"अरे, बोलला का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलोच.

"तुम्ही तिघं एकच म्हणत होतात. मला वाटलं, माझंच आठवणं चुकलं असेल."

पुढे पंधरा दिवस आम्ही दोघे रोज दुपारी बसलो. शेवट तोडून झाला, लय संथ करून झाली. पण हेल नेमका कुठे होता, किती लांबायचा, ते काही केल्या सापडेना. अक्काला चूक ओळखता येई, पण गाऊन दाखवता येत नसे. एके दिवशी शरच्चंद्राने पियानोचं झाकण लावलं. "श्रीपाद, राहू दे. आता आईला आठवायला गेलो, की तुमचीच चाल ऐकू येते." तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढे बहीण देवासला आली, की हट्टाने तीच चाल ऐकायची, आणि तो कागदावरची वाजवायचा.

अठरा सालच्या तापाच्या साथीत शरच्चंद्र गेला. त्यानंतर दोन वर्षांनी माझं धारला जाणं झालं, तेव्हा विद्युल्लतेच्या सासरी डोकावलो. ती पाळण्याशी बसून गात होती. लय चांगली चालती, गंधार शुद्ध, शेवट समेवर. मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

बाळ झोपल्यावर तिने मला पाहिलं आणि हसली. "श्रीपाददादा, आई अश्शीच गायची, भाऊ नेहमी सांगायचा. तुमचा कान म्हणे फार तयार. माझं कुठे चुकत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "कुठेच चुकत नाही."