चौथी पायरी

चन्नकेशवला मी स्वतः निवडलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणावर ढकलायला मला जागा राहणार नाही.

आमची कंपनी बेंगळुरूच्या रिंग रोडवर. विमानतळावर तुमची बॅग चुकू नये म्हणून जे सॉफ्टवेअर लागतं, ते आम्ही बनवतो. टीमनी जलद आणि भांडणं न करता काम करावं म्हणून आधी बाहेरून कोच आणले होते. दीड वर्ष त्यांनी भिंतींवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या, आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या आणि गेले. पंधरा दिवसांत सगळं मूळपदावर. तेव्हा आमचे डायरेक्टर कुरुविला म्हणाले, "वेदवती, आता आपल्यातलेच कोच तयार कर. बाहेरचे निघून जातात, आपले राहतील." वीस वर्षं कोड लिहिलेली मी अशी एका दिवसात मास्तरीण झाले. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

चन्नकेशव हासनचा, चौतिशीचा, तोंडाळ. त्याच्या टेबलापाशी कायम दोघं-तिघं उभे असायचे. कुणाचं काही अडलं की तो आधी त्याची यथेच्छ टिंगल करायचा आणि मग असं समजावून सांगायचा, की माणूस ते जन्मात विसरायचा नाही. मला असाच हवा होता. त्याला मात्र कोच व्हायचं नव्हतं.

"अक्का, मला यात पाडू नका. मी कोड लिहिणारा माणूस. नुसता उभा राहिलो तर गंजून जाईन."

"सहा महिने. मग तुझी खुर्ची तुला परत."

"लिहून देता?"

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे हो. कंपनीवर नाही," तो म्हणाला, आणि तयार झाला.

मी चार पायऱ्या ठरवल्या होत्या. पहिलीत कोच शिकवतो. दुसरीत टीमबरोबर बसून करतो. तिसरीत उत्तर द्यायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचा. चौथीत टीमला त्याची गरजच उरत नाही; तो असतो, पण जाणवत नाही. चांगला कोच असाच असतो, हे या धंद्यात सगळेच मानतात. ते मोजायची युक्ती मात्र माझी. रोज सकाळी दहाला टीम गोल करून उभी राहते; काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, हे एकेकजण सांगतो. बैठक संपली की मी कुणालातरी गाठून विचारायची, "आत्ता कोण कोण होतं?" कोचचं नाव आलं नाही, की तो चौथी पायरी चढला.

तिसऱ्या महिन्यात मी इंचराला विचारलं. चन्नकेशवकडे दिलेल्या टीममधली सगळ्यात चौकस पोरगी. तिने बोटांवर मोजून आठ नावं सांगितली, स्वतःचं धरून. चन्नकेशव तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. मी त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या, त्याने नाटकात करतात तसा वाकून नमस्कार केला. मी शेरा लिहिला: 'उपस्थिती जाणवत नाही. उत्कृष्ट.'

पुढच्या आठवड्यात त्याच्या बायकोचा, हेमलताचा, फोन आला. "वेदक्का, काय शिकवलंय हो यांना? भात वाढू का विचारलं तर म्हणतात, तुला काय वाटतं? पोरीने काही विचारलं तरी तेच; परवा ती रडायला लागली." मी हसले. तीही हसली.

मग तो एकेक गोष्टी सांगायला लागला. आधी गंमत म्हणून. कँटीनच्या रांगेत लोक त्याच्या पुढे येऊन उभे राहतात. दिगंत, त्याच्याच टीममधला, खुर्चीवर बसायला आला तो थेट त्याच्या मांडीवर, आणि बसूनच राहिला, फोनवर बोलत. "अक्का, शंभर किलोचा माणूस आहे तो. मीच सरकून बाहेर निघालो." मी म्हटलं, दिगंत तसाच आहे, त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत.

नंतर गंमत संपली. एका दुपारी तो माझ्या केबिनमध्ये आला आणि दार लावून उभा राहिला. मी त्याला बस म्हणाले नव्हते. खरं म्हणजे तो आल्याचं मला चटकन कळलंच नव्हतं.

"काल घरी गेलो. हेमा दारातच उभी होती. मी चप्पल काढतोय तोवर तिने दार लावून घेतलं. बेल वाजवली. तिने उघडलं, जिन्यात इकडेतिकडे बघितलं आणि परत लावलं." तो टेबलापाशी आला. "अक्का, मला एकच सांगा. मी परत कोड लिहायला बसू का? तुम्ही बस म्हणा, मी आत्ता जाऊन बसतो. माझं मला ठरवता येत नाहीये. काहीही ठरवायला गेलं की डोक्यात नुसते प्रश्न येतात."

सहा महिने भरायला अजून सहा आठवडे होते. पुढच्या सोमवारी कुरुविला वरच्या लोकांना आमचं यश दाखवणार होते, आणि दाखवायला माझ्याकडे चौथी पायरी चढलेला हा एकच माणूस होता. पण तेवढंच कारण असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. मला तेव्हा मनापासून वाटत होतं, की त्याला उत्तर देणं म्हणजे त्याला पांगळं करणं. घाबरलेला माणूस समोर होता आणि मी त्याला शिकवत होते.

"परत बसलास तर काय बदलेल, असं तुला वाटतं?" मी विचारलं.

 "बरं," तो म्हणाला आणि गेला.

सोमवार छान पार पडला. टीमचं काम दीडपट वाढलं होतं, भांडणं बंद झाली होती. आणखी बारा कोच तयार करायला मंजुरी मिळाली. मी चन्नकेशवला हे सांगायला गेले तर तो खिडकीशी उभा दिसला. दिसला म्हणजे, नेट लावून बघावं लागलं. नजर त्याच्यावर ठरेना, घसरून शेजारच्या कुंडीवर जाई. दोन दिवसांनी तर मी त्या मजल्यावर तीन फेऱ्या मारल्या आणि कुंड्याच बघून आले.

"चन्नकेशव कुठाय रे?" मी दिगंतला विचारलं.

"कोण, नवीन जॉइन होणार आहेत?"

त्याच्या तोंडावर चेष्टा नव्हती. असती तर बरं झालं असतं. मी केबिनमध्ये येऊन हेमलताला फोन लावला. ती अगदी गोड बोलली. पोरीची शाळा, दारातला नळ, माहेरी गेल्या वर्षी झालेली नारळाची लागवड. मी नवऱ्याचं विचारलं तेव्हा ती थांबली, आणि जसं एखाद्या वयस्कर बाईच्या कलाने घ्यावं तसं म्हणाली, "वेदक्का, तुमची तब्येत बरी आहे ना?"

रात्रभर मी एकच वाक्य घोकत होते.

सकाळी दहाला टीम उभी होती. आठजण, पण गोल नवाचा. दिगंत आणि इंचरा यांच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा, आणि दोघंही तिकडे खांदा न जाऊ देता बेतानं उभे. तिथे मला कुणी दिसलं नाही. मी डोळे फाडफाडून बघितलं. नुसती फरशी.

तरी मी त्या जागेकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "केशव, बस झालं. हे काम आजपासून बंद. तुझ्या खुर्चीवर बस आणि कोड लिही. मी विचारत नाहीये, सांगतेय."

इंचराने दिगंतकडे बघितलं, दिगंतने तिच्याकडे, आणि दोघं अर्धं अर्धं पाऊल सरकले. बाकीचेही सरकले. गोल बंद झाला. मी बाहेर राहिले.

"काल मी बॅगांच्या बेल्टचं काम संपवलं," इंचराने सुरुवात केली. एकेकजण बोलत गेला. कुणाचंच काही अडलेलं नव्हतं. नऊ मिनिटांत बैठक संपली.

मी तिथेच उभ्या उभ्या रडत होते, हुंदके देऊन, लहान पोरासारखी. आठही जण माझ्या बाजूने आपापल्या जागी गेले. कुणी वळून पाहिलं नाही. लाज वाटून पाहिलं नसेल. मी कुणालाही गाठून 'आत्ता कोण कोण होतं?' असं विचारलं नाही. विचारायचं धैर्यच मला झालं नाही.