हाकीमबोबांचे हात

म्हातारे हाकीमबोबा रोज सकाळी शेजारच्या गुलबोगहून आमच्या तुतझोर मोहल्ल्यात येतात ते ऊन खायला. स्वतःच्या अंगणात त्यांना ते मिळत नाही. समोर नऊ मजली इमारत उभी आहे, आणि तिला संमती खुद्द बोबांनीच दिली, असं शहर कचेरीच्या कागदावर लिहिलंय.

बोबांनी केलं होतं एवढंच, की बैठक संपताना दुआ म्हणून तळवे चेहऱ्यावरून फिरवले होते. चार माणसं एकत्र बसली की उठण्याआधी सर्वांत वडील माणसानं हे करायचंच असतं, मग ते लग्न असो, भांडण असो की नकाशाची सुनावणी. गुलबोगच्या सुनावणीला जेमतेम पाच-सहा म्हातारे आले होते. कचेरीच्या साहेबांनी नकाशा दाखवला, म्हातारे मान राखून गप्प बसले, बोबांनी आमीन केलं, सगळ्यांनी आमीन केलं, आणि कारकुनानं लिहून टाकलं, सर्वानुमते मंजूर.

"मी देवाचं नाव घेतलं," बोबा अजून सांगतात, "आणि त्यांनी कागदावर माझं घेतलं."

मी मोहल्ल्याचा चहाखाना चालवतो. माणसं तोलायची मला सवय आहे. कोण कोणाच्या दुःखाला गेलं, कोण नुसतं पुलाव खायला गेलं, याचा हिशेब डोक्यात पक्का असतो. त्या हिशेबात होसियत आपाचं देणं अख्ख्या मोहल्ल्यावर आहे. नवरा गेल्यापासून ती अंगणातल्या तंदुरावर नान भाजून घर चालवते, आणि कोणाच्याही घरी मूल जन्मो की माणूस जावो, तिची नानची पाटी आधी पोचते.

जर्दाळू पिकायच्या सुमारास आमच्याही भिंतीवर नोटीस लागली. तुतझोरचा रंग बदलणार. नकाशावर आम्ही पिवळे, म्हणजे अंगणाची घरं, फार तर दुमजली. आता तपकिरी होणार, म्हणजे नऊ मजले आणि खाली दुकानं. तक्रार असल्यास रहिवाशांनी सुनावणीला हजर राहून नोंदवावी. अर्ध्याहून जास्त घरांनी लेखी विरोध केला तर रंग बदलणार नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यात बारीक अक्षरात होतं.

आपानं ते सुद्धा वाचलं. पिठाचे हात घेऊनच ती चहाखान्यात आली.

"तपकिरी पट्ट्यात धुराची भट्टी चालत नाही," ती म्हणाली. "मी चौकशी करून आले. रंग बदलला की माझा तंदूर बंद. मग मी काय भाजू, माझं नशीब?"

सगळे एकदम चहात बुडाले. मामूर न्हावी तेवढा बोलला. "आपा, आपल्याला कोण विचारतंय? वर सगळं ठरलेलं असतं."

"गिऱ्हाइकाचं डोकं हातात असलं की तू सगळ्या देशाचा कारभार चालवतोस, मामूर. मोकळं डोकं दिसलं की तुझी वाचा जाते का?"

लोक हसले. मामूर चिडला. "आणि मी म्हणतो, येऊ देत की नऊ मजले! नऊ मजल्यांची डोकी कोण कापणार?"

"तळमजल्यावर आरशांचं सलून येईल, ते कापेल. तू त्याच्या दारात त्यांचेच केस झाडशील. आणि तुझी म्हातारी आई दाराशी बसून तुतीच्या सावलीत पाय पाटात सोडते ना? ते पाणी पाइपात घालणार आहेत, गाड्यांना जागा हवी म्हणून. गुलबोगला जाऊन बघ."

आईचं नाव निघालं की मामूर नेहमीच हरतो, हेही माझ्या हिशेबात आहे.

"मी कुणाला पाया पडून बोलावणार नाही," आपा म्हणाली. "माझा नवरा गेला तेव्हा तुम्ही सगळे आला होतात. आता माझा तंदूर जातोय. तो गेल्यावर भेटायला यायचं की आधी, तेवढं ठरवा."

मग ती कोपऱ्यात उन्हाला बसलेल्या हाकीमबोबांकडे गेली आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. बोबा आधी दचकले. मग त्यांच्या दाढीत कित्येक दिवसांनी हसू दिसलं.

सुनावणी माझ्याच चहाखान्यात ठेवली होती. जागा लहान, काम लवकर आटपेल, असा गुलबोगला आलेल्या त्याच जसूरबेक साहेबांचा हिशेब. ते आले तेव्हा बसायच्या तख्तावर पाय ठेवायला जागा नव्हती. पुरुष, बायका, मामूरची आई, सगळे. मधे जेवणाचा दस्तरखान पसरलेला, आणि त्यावर तंदुरातून नुकती निघालेली, तीळ लावलेली नान.

"अरे वा, आपा!" साहेब खूश झाले. त्यांनी नान मोडली, तोंडात टाकली, आणि तिथेच अडकले. दस्तरखानावर बसून भाकर मोडली की वडिलांच्या दुआशिवाय उठता येत नाही. साहेबही याच खोऱ्यातले, आईच्या हाताखाली वाढलेले.

त्यांनी भराभर नकाशा दाखवला, विकास, रुंद रस्ते, दिवे वगैरे सांगितलं. मग जमलेल्यांतल्या सर्वांत वयस्क माणसाकडे वळले. ओळखलंही असावं, कारण चेहरा उजळला. "चला बोबा, आमीन करू या."

बोबांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "अजून बोलणं राहिलंय, बेटा."

आणि आपा बोलली. तंदूर, धूर, नान, सगळं. तिच्यामागे मामूर उठला. सुरुवातीला त्याचा आवाज बसलेला होता, पण आई समोर दिसताच असा चढला, की बाहेरची गाढवं थांबली. पाट, तुती, सावली, कोणाच्या खिडकीतून कोणाच्या अंगणात डोकावणार, एकेक जण बोलत गेला. ज्यांनी आयुष्यात वडिलांसमोर तोंड उघडलं नव्हतं तेही बोलले, कारण वडीलच म्हणत होते, "तू राहिलास. बोल."

मधेच साहेबांचा फोन वाजला. ते अर्धवट उठले. सगळा मोहल्ला त्यांच्या गुडघ्यांकडे बघायला लागला. मामूरच्या आईनं तोंडावर पदर घेतला, जणू कोणी भर लग्नात नागडा झालाय. साहेब हळूच खाली बसले आणि फोन बंद केला.

"काय लिहिलंस रे?" बोबांनी कारकुनाला विचारलं. "वाच."

कारकुनानं वाचलं, "रहिवाशांनी काही सूचना मांडल्या."

"मागे तू माझ्याबद्दल लिहिलंस तेव्हा मी वाचून घेतलं नाही. ती चूक माझी. होसियत काय म्हणाली?"

"रंग बदलायला... नको म्हणाल्या."

"मग 'नको' लिही. लहान शब्द आहे, शाई लागणार नाही. आणि बाकीच्यांचं?"

"तेही नकोच."

"प्रत्येकाच्या नावापुढे लिही. मला घाई नाही. घरी ऊन कुठे आहे?"

कारकून लिहीत गेला आणि कागद सहीसाठी हातोहात फिरत गेला. चहा तीनदा बदलला. साहेबांनी चौथी नान मोडली. म्हणाले, फार उत्तम आहे. आपा म्हणाली, "पिवळ्या पट्ट्यातलीच आहे, साहेब." साहेब हसले, काय करतील! शेवटी कागद त्यांच्यापुढे आला. मोहल्ल्यातलं एकही घर सहीवाचून राहिलं नव्हतं. साहेबांनी उभं-आडवं मोजलं, नियम आठवला, पेन काढलं आणि खाली स्वतः लिहिलं: रहिवाशांचा विरोध, बदल नामंजूर. मग शिक्का मारला.

"वाच," बोबा म्हणाले.

साहेबांनी मोठ्यानं वाचलं.

तेव्हा हाकीमबोबांनी हात वर केले. दुआ लांबलचक झाली; मोहल्ल्याला, तंदुराला, पाटाच्या पाण्याला, साहेबांच्या आईलासुद्धा. तळवे चेहऱ्यावरून फिरले आणि सगळा चहाखाना एका आवाजात म्हणाला, "आमीन!" असा आवाज मी माझ्या छपराखाली कधी ऐकला नव्हता, किटल्यांची झाकणं वाजली.

आता मामूर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, की साहेबाला त्यानंच गप्प बसवलं. आपा तिकडून जाताना ऐकते आणि खोडून काढत नाही. तिच्या तंदुराचा धूर पहाटे सरळ वर जातो, आणि मोहल्ल्यातल्या कोणालाही तो डोळ्यात गेल्याची तक्रार आता सुचत नाही.

काल हाकीमबोबा उन्हात न बसता थेट तिच्या दारात जाऊन उभे राहिले. गुलबोगच्या मागच्या गल्लीची सुनावणी लागली होती.

"पोरी," ते म्हणाले, "नान किती भाजशील?"

"किती माणसं येणार, बोबा?"

"सगळी."

आपानं बाह्या वर केल्या आणि पिठाचं पोतं ओढलं.