खाटेवरचा डास

विज्ञान दिनाचं नाटक सुरू व्हायला सात मिनिटं उरली होती आणि रोगी खाटेवर झोपायला तयार नव्हता.

नाटक कामिनीचं होतं. लिहिलेलं तिने, बसवलेलं तिने, आणि त्यातली डॉक्टरही तीच. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात मुलांनी नाटक अर्ध्यात सोडून डीजेवर नाच सुरू केला, तेव्हापासून शाळेत नाटक बंद होतं. ते पुन्हा सुरू करा म्हणून कामिनी सहा वेळा मुख्याध्यापक पाटील सरांकडे गेली. सातव्या वेळी सर म्हणाले, "एक संधी देतो. मलेरियाची माहिती लोकांपर्यंत पोचली पाहिजे. नुसते हसून घरी गेले, तर पुढच्या वर्षी नाटक नाही." पुढच्या वर्षी कामिनी दहावीत, म्हणजे शाळेतलं शेवटचं वर्ष. त्यामुळे गेला महिनाभर तिने नाटकातला एकेक विनोद शोधून खोडून टाकला होता.

"दिनेश, झोप ना रे!"

"खाटेवर नाही चालणार. पाळणी आहे."

दिनेश वसतिगृहात राहायचा. घर वर सातपुड्यात, काठी गावाच्या पलीकडे. होळी तीन दिवसांवर आली होती आणि यंदा तो बुध्या होणार होता. अंगावर पांढरे ठिपके, कमरेला घुंगरांचा पट्टा, आणि रात्रभर नाच. धाकटा भाऊ दुखण्यातून उठावा म्हणून आईने बोललेला नवस. होळीपर्यंत पाळणी, म्हणजे अंघोळ नाही, पायात चप्पल नाही, खाटेला अंगही लावणं नाही आणि बाईमाणसाचा स्पर्श नाही.

कामिनीच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. सोमवारपासून हा मुलगा विस्कटलेल्या केसांनी, अनवाणी तालमीला येत होता आणि तो भूमिकेत शिरलाय म्हणून तिने त्याचं सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं!

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तालमीला सतरंजी होती ना. खाटेचं कोणी बोललंच नाही."

खरंच होतं. खाट आज दुपारीच, पोषण आहार शिजवणाऱ्या सरलाबाईंच्या घरून आली होती. "दोन मिनिटं झोप" म्हणायला कामिनीने तोंड उघडलं आणि मिटलं. नवरात्रात तिची आई नऊ दिवस अनवाणी असते. तिला कोणी म्हणालं असतं, दोनच मिनिटं घाल चप्पल, तर?

"बरं. तू खाली झोप. नाडी मी लांबूनच बघते, मीटरपट्टीने. भाग्येश, खाट उचलायला लाग!"

भाग्येश डास होता. पाठीला तारेचे पंख लावून तो मघापासून खाटेवर आडवा पडून शेंगदाणे खात होता. तो उठायला गेला आणि खाटही त्याच्याबरोबर उठली. पंखांची तार सुतळीच्या विणीत अडकली होती.

"कामे, आते काय करानं?"

तेवढ्यात घंटा झाली आणि पडदा उघडला.

मंडपात सगळं गाव बसलेलं. समोर काय दिसलं? रोगी जमिनीवर, डॉक्टर मीटरपट्टी हातात घेऊन उभी, आणि खाटेवर पाय ताणून डास. पहिल्या रांगेतून भाग्येशच्या आजोबांचा, उखा बाबांचा आवाज आला, "डास खाटवर, आन् पोऱ्या खाले पडेल शे!"

मंडप हसला. पाटील सर हाताची घडी घालून बसले होते.

तिने प्रयोगशाळेतली मीटरपट्टी लांबूनच पुढे करून दिनेशच्या मनगटावर टेकवली. "ताप किती दिवस आहे?"

"तीन," दिनेश थरथरत म्हणाला. ते थरथरणं ओठावर आलेलं हसू दाबल्यामुळे होतं, पण हुडहुडी छान दिसत होती.

"रक्त तपासायला हवं."

"मी तपासलंय," खाटेवरून डास म्हणाला. "चव बरी शे."

हे वाक्य नाटकात नव्हतं. मंडप फुटला. आता कामिनीपुढे दोन वाटा होत्या. गप्प बसायचं, नाहीतर या डासाकडूनच सगळा धडा वदवून घ्यायचा. ती गर्रकन वळली.

"कुठे राहतोस रे तू?"

"राहतेस म्हणा, डॉक्टरीणबाई! नर बिचारा चावत नाही. चावतो आम्ही बायकाच." आणि भाग्येशने नुकत्याच फुटू लागलेल्या मिशीवरून हात फिरवला.

"अंडी कुठे घालतेस?"

"तुमच्या टाकीत! आठ दिवस कोणी टाकी रिकामी नाही केली, की माझी पोरं पंख लावून बाहेर. आता या पोऱ्याचा अजून एक चावा घेते," असं म्हणून तो उठला. पाठीवर अख्खी खाट घेऊन, कासवासारखा.

दिनेश ताडकन उठला. नाटकासाठी नव्हे. ती खाट अंगाला लागली असती तर पाळणी मोडली असती. तो खराखुरा पळत सुटला. त्याच्या मागे खाट, आणि खाटेच्या मागे मीटरपट्टी घेतलेली डॉक्टर. तीन फेऱ्या झाल्या. विंगेतून सरलाबाई ओरडल्या, "अरे, मन्ही खाट शे, जपीसन!" चौथ्या फेरीला कामिनीने रोग्यासाठी आणलेली मच्छरदाणी उचलली आणि खाटेसकट डासावर फेकली. डास धपकन खाली बसला. पडदा पडला.

टाळ्या थांबेनात. पडद्यामागे भाग्येश मच्छरदाणीत अडकून हसत होता, दिनेश लांब उभा राहून पोट धरून हसत होता, आणि कामिनी डोळे पुसत होती. हसून की कशाने, तिलाही कळत नव्हतं. लोक हसले होते. नुसते हसून घरी गेले, तर नाटक बंद होतं.

पाटील सरांनी माईक घेतला.

"शांत व्हा. तीन प्रश्न विचारतो. मच्छरदाणीत कोणी झोपायचं? माणसाने की डासाने?"

"माणसाने!" मंडप गरजला.

"डास अंडी कुठे घालतो?"

"घालते म्हणा, सर!" पाचवीची एक मुलगी ओरडली, आणि उखा बाबा उठून उभेच राहिले. "साचेल पानीमा! आठ दिनमा टाकी रिकामी करनी पडस, नहीते तिन्हा पोरे उडतस!"

"आणि ताप आला तर?"

"रक्त तपासायचं! पण डासाकडून नाही!" मंडप पुन्हा गरजला.

सरांनी माईक खाली घेतला, पण त्यांचं हसू तोवर माईकमधून साऱ्या मंडपात गेलं होतं. ते मागे वळून पडद्याच्या फटीकडे बघत म्हणाले, "कामिनी, पुढच्या वर्षी विषय कोणता?"

कामिनीने फटीतून डोकं बाहेर काढलं.

"विंचू!" भाग्येश मच्छरदाणीतून ओरडला.

"उंदीर!" मागून कोणीतरी म्हणालं.

"ग्रहण घ्या, ग्रहण!"

"साप! सापना इलाज दखाडा!" उखा बाबा अजून उभेच होते.

कामिनीने दप्तरातून पेन काढलं. कागद सापडेना, तशी ती तळहातावरच लिहू लागली.