फुलवातींचा डबा

सुहासिनीबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन अठरा दिवस झाले, तरी गुडघा पासष्ट अंशांपलीकडे वाकायला तयार नव्हता. शुक्रवारी डॉक्टर बघणार होते. नव्वद झाले नाहीत तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

"काकू, काही खाऊन गोळी घेतली न?" दीक्षानं विचारलं. व्यायाम करवायला ती रोज नऊला कन्हानहून स्कूटीनं यायची.

सुहासिनीबाईंनी मान हलवली.

"दुखणं दहापैकी किती?"

"दोन."

"दोन असतं तर चादर अशी मुठीत धरली नसती तुम्ही." दीक्षा टाच हळूहळू मागे सरकवू लागली. सुहासिनीबाईंनी डोळे मिटून नाम सुरू केलं. कानामागून घाम उशीवर उतरला.

खरं म्हणजे चातुर्मासात त्या एकभुक्त असत. सोळा वर्षांमागे मुलगा, सुमंत, डेंग्यूनं अत्यवस्थ होता, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून त्यांनी हा नेम बोलला होता. सुमंत वाचला, आता पुण्याला नोकरीत होता. जेवण दुपारी बाराला, एकदाच. आणि गोळी तर उपाशीपोटी चालत नाही. यंदा गुडघ्यामुळे नेम सोडला, असं त्यांनी घरात सांगितलं होतं, पण मोडवला नव्हता. मग सकाळची गोळी लपायची, आणि विश्वनाथरावांनी केलेले पोहे भांडी घासायला येणाऱ्या बायजाबाईच्या पोटात जायचे. "तुमच्या नेमानं माझं वजन वाढून राहिलं, बाई," ती कुजबुजायची.

देवपूजा हल्ली विश्वनाथराव करत. वाती मात्र सुहासिनीबाई अंथरुणातच वळत. आज निरांजनासाठी ते उशाजवळचा फुलवातींचा डबा घ्यायला आले. त्या "थांबा हो" म्हणेपर्यंत झाकण उघडलंही. कापसाखाली पांढऱ्या गोळ्या होत्या. अकरा.

विश्वनाथरावांनी झाकण लावून डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "सत्तराव्या वर्षी पोहे भिजवायला शिकलो गं मी."

"सुमंतसाठी बोललेलं आहे. मोडलं आणि त्याला काही झालं तर?"

"मग नेम मी चालवतो. नवऱ्यानं चालवलेला चालतो. उद्यापासून मी एकदाच जेवेन."

"इन्सुलिन टोचून उपाशी राहणार तुम्ही?"

"वा! म्हणजे मले आता दोन पेशंट," दीक्षा म्हणाली. पण कुणीच हसलं नाही.

विश्वनाथराव बोलले की करणारच, हे चाळीस वर्षांच्या संसारात सुहासिनीबाईंना पुरतं कळलं होतं. स्टुलावर आजची ताटली झाकलेलीच होती. बायजाबाई अजून यायची होती. त्यांनी ताटली ओढून घेतली. 'रागवायचं तर माझ्यावर रागव रे बाबा,' असं मनात देवाला म्हणत पहिला घास घेतला. पाण्याबरोबर ढकलला. चार घास झाल्यावर गोळी घेतली.

"आधी सुमंतला फोन लावा."

फोन वाजत राहिला. त्यानं उचलला नाही.

"मीटिंगमध्ये असेल," विश्वनाथराव म्हणाले. पुन्हा लावला. तरी नाही.

अर्ध्या तासानं दीक्षानं टाच हातात घेतली. "आता खरं सांगा, काकू. दहापैकी किती?"

"मघाशी नऊ होतं. आता सहा."

"बस, हेच पाह्यजे होतं."

गुडघा पंचाहत्तरपर्यंत गेला. सुहासिनीबाईंचं लक्ष मात्र फोनकडे लागलं होतं, आणि तो उशाशी गप्प पडून होता.